रोजची गोळी, रोजची डोकेदुखी

मागच्या अंकात अर्धशिशीवर छोटी टिपण आली होती. तिच्या शेवटी वाचकांना विचारलं होतं की डोकं दुखलं की तुम्ही काय घेता आणि किती वेळा घेता. नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांत एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या शब्दांत होतं: गोळी घेतली की तेवढ्यापुरतं थांबतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : वय ३८, शिक्षिका. कॉलेजपासून अर्धशिशी आहे. पूर्वी महिन्यातून तीन-चारदा डोकं धरायचं, गोळी घेऊन अंधारात झोपलं की उतरायचं. गेलं दीड वर्ष मात्र पहाटे पाचला जाग येते तीच डोकं जड घेऊन. सकाळची शाळा, म्हणून चहाबरोबर मेडिकलमधून आणलेली मायग्रेनची गोळी घेतेच. दिवसाला एक, क्वचित दोन, त्यापुढे कधी नाही. रविवारी घरी असले तर साधी पॅरासिटामॉल. चष्म्याचा नंबर झाला, सायनसची औषधं झाली, एमआरआयही झाला. रिपोर्ट नॉर्मल, डोकं तसंच. मैत्रीण म्हणते, गोळ्यांमुळेच दुखतंय. असं असतं का? आणि ओळखायचं कसं? (सिडको)

उत्तर : असतं, आणि तुमच्या पत्रात ते जवळजवळ लिहूनच आलं आहे.

याला औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीत निदानाच्या अटी दिल्या आहेत. मुळात डोकेदुखीचा आजार असलेल्या माणसाचं डोकं महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस दुखतं. तीन महिन्यांहून जास्त काळ वेदनाशामकं ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त दिवस घेतली जातात. आणि दुसरं कोणतं कारण त्याहून चपखल बसत नाही. मर्यादा औषधागणिक वेगळी आहे. नुसतं पॅरासिटामॉल, नुसतं ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक यांपैकी एकच काही घेत असाल तर महिन्याला १५ दिवस. अर्गोटामिन, सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान गटातली अर्धशिशीवरची औषधं, ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या, आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या मिश्र गोळ्या यांना १० दिवस. आज ही, उद्या ती असं आलटून पालटून घेत असाल, तरी सगळे दिवस मिळून १० च धरायचे.

इथे गोळ्या मोजत नाहीत, दिवस मोजतात. ‘दिवसाला एकच घेते’ हे पत्र लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला संयमाचं लक्षण वाटतं. पण दोन दिवसांत सहा गोळ्या घेऊन उरलेला महिना मोकळा ठेवणाऱ्यापेक्षा, रोज न चुकता एक घेणारी व्यक्ती या दुखण्याला जास्त जवळ असते. (सहा गोळ्यांनी जठराचं आणि मूत्रपिंडाचं काय होतं, तो हिशेब वेगळा.) शाळेचे सहा दिवस धरले तर तुमचे मिश्र गोळीचेच महिन्याला २५-२६ दिवस होतात. मर्यादा १० ची, काळ दीड वर्षाचा, मूळ आजार अर्धशिशीचा.

पहाटेच का? रात्रभर गोळी नसते. शेवटच्या मात्रेचा अंमल ओसरतो आणि वेदनेच्या वाटेवरच्या पेशी, ज्या सततच्या औषधाने अधिकच हळव्या झालेल्या असतात, त्या बोंब मारतात. तुम्ही गोळी घेता, बोंब थांबते, हळवेपणा मात्र आणखी थोडा वाढतो. म्हणूनच हे चक्र घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण प्रत्येक वेळी गोळीचा गुणच येतो. पहाटेच्या डोकेदुखीची दुसरीही कारणं असतात: जोराचं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, वाढलेला रक्तदाब. ती विचारली-तपासली गेली पाहिजेत.

आता कपाटातली पट्टी काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मायग्रेनची म्हणून मिळणाऱ्या एका सर्रास खपणाऱ्या मिश्रणात चार औषधं असतात: अर्गोटामिन १ मिलिग्रॅम, कॅफिन १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम आणि उलटीवरचं प्रोक्लोरपेराझिन २.५ मिलिग्रॅम. तुमची गोळी तीच असेल तर डोकेदुखीपलीकडचाही विचार करावा लागेल. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर ते घेऊच नये. घशासाठी-छातीसाठी दिलेल्या क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनबरोबर घेतलं तर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढून बोटं थंड, बधिर, पांढुरकी पडू शकतात. प्रोक्लोरपेराझिन दीर्घकाळ घेतल्यास हातापायांना कंप आणि ताठरपणा येऊ शकतो.

मेडिकलमधून चार-चार सुट्या गोळ्या आणत असाल तर एक घोटाळा होतो. कात्रीने कापलेल्या तुकड्यावर नाव राहत नाही, घटक तर नाहीतच. डॉक्टरांसमोर मग ‘ती गुलाबी, गोल’ एवढंच उरतं. अख्खी पट्टी घ्या, नाहीतर मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

निदानासाठी लागणारा कागद घरातच भिंतीवर टांगलेला असतो. कालनिर्णयच्या तारखेच्या चौकोनात डाव्या कोपऱ्यात डोकेदुखीचा आकडा लिहा: कामं चालू राहिली तर १, रेटून करावी लागली तर २, आडवं पडावं लागलं तर ३. उजव्या कोपऱ्यात औषधाचं पहिलं अक्षर आणि गोळ्यांची संख्या. पाळीच्या दिवसांना खाली रेघ. संकष्टी, एकादशी छापलेलीच असते, त्यामुळे उपवासाच्या दिवशी पोट रिकामं राहून डोकं चढतं का, तेही आपसूक दिसतं. दुखलं नाही तो चौकोन कोरा सोडू नका, शून्य लिहा. कोरा चौकोन म्हणजे दुखलं नाही की लिहायला विसरलं, ते महिनाअखेरीस कुणालाच सांगता येत नाही. चार आठवडे पुरे.

हे निदान सिद्ध करणारी रक्ताची चाचणी नाही आणि एमआरआयमध्येही ते दिसत नाही. डॉक्टरांनी करायला हवं ते एवढं: सविस्तर विचारणं, रक्तदाब, मान आणि मज्जासंस्थेची तपासणी, आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी. ही शेवटची गोष्ट चष्म्याच्या नंबरात होत नाही, ती वेगळी सांगून करून घ्यावी लागते. मेंदूभोवतीचा दाब वाढला असेल तर तिथली नस सुजलेली दिसते. दीड वर्षाच्या गोळ्यांमुळे हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिनही बघून घ्या. सायनसबद्दल थोडं: अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, कपाळ ठणकतं. घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड आणि ताप नसताना वर्षभर चाललेलं दुखणं सायनसचं असण्याची शक्यता कमीच. तरी ते लेबल चिकटलं की निघत नाही.

तुमच्या कागदावर बहुधा दोन निदानं एकत्र येतील, दीर्घकालीन अर्धशिशी आणि औषधांचा अतिवापर. महिन्यात १५ दिवस डोकेदुखी आणि त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीच्या वळणाचे असले की पहिलं नाव लागू होतं. उपचार दोन्हींवर करायचे असतात.

प्रश्न : वडिलांना (वय ६६) गुडघ्यांसाठी तीन वर्षं रोज वेदनाशामक चालू आहे. त्यांचं डोकं कधीच दुखत नाही. मग ही डोकेदुखी त्यांना का होत नाही? (नाशिक रोड)

उत्तर : कारण त्यांना मुळात डोकेदुखीचा आजार नाही. अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी ज्यांच्या अंगात आहे, त्यांच्याच बाबतीत हा हळवेपणा तयार होतो. अशा माणसाने कंबरेसाठी रोज गोळी घेतली तरी डोकं बिघडतं. वडिलांचं डोकं सुरक्षित आहे म्हणून गोळी सुरक्षित आहे असं मात्र नाही. रक्तदाब, क्रिएटिनिन आणि काळी शौच होते का, याकडे लक्ष असू द्या.

प्रश्न : गोळ्यांमुळे दुखतंय हे कळल्यावर एका सोमवारी सगळ्या बंद केल्या. बुधवारी उलट्या झाल्या, रात्रभर झोप नाही, डोकं फुटेल असं वाटलं. गुरुवारी घेतली. माझ्याच्याने हे होणार नाही असं वाटतं. वय ४४, सातपूरला कंपनीत, पाळ्यांची ड्युटी. रोज नेप्रोक्सेन, कधी ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल, झोपेसाठी अल्प्राझोलाम.

उत्तर : सोमवार चुकला, तुम्ही नाही. बंद केल्यावर दुखणं आधी वाढतं, हे कुणी सांगितलं नसेल तर तिसऱ्या दिवशी माणूस गोळीकडेच जाणार.

आधी एक धोका. साधी वेदनाशामकं, ट्रिप्टान आणि अर्गोटामिन एका दिवसात बंद करता येतात. ट्रामाडॉल रोजच्या सवयीचं असेल तर ते टप्प्याटप्प्याने उतरवावं लागतं, आणि अल्प्राझोलाम तर अचानक कधीच तोडू नका, फिट येऊ शकते. तुमच्या बुधवारच्या रात्रीत या दोघांचाही वाटा असावा. त्यामुळे तुमच्या बाबतीत वेळापत्रक डॉक्टरांनीच आखायचं, आणि झोपेची गोळी या खेपेला शेवटी हलवायची.

बंद केल्यानंतरचा त्रास २ ते १० दिवसांचा असतो. ट्रिप्टान घेणाऱ्यांचा साधारण चार दिवसांत, अर्गोटामिनवाल्यांचा आठवड्याभरात, साध्या वेदनाशामकांचा नऊ-दहा दिवसांत ओसरतो. वाढलेली डोकेदुखी, मळमळ, उलटी, बेचैनी, धडधड, तुटक झोप हे सगळं त्यात अपेक्षित आहे. दुसरा ते चौथा दिवस बहुतेकांना सगळ्यात जड जातो. तुम्ही गुरुवारी गोळी घेतलीत, म्हणजे घाटाच्या माथ्याशी जाऊन माघारी फिरलात.

पुढच्या वेळी दिवस निवडून घ्या. पाळी बदलण्याचा आठवडा नको, रात्रपाळी नको, घरात लग्न नको. सलग चार-पाच दिवस रजा मिळेल असं बघा. उलटीवरचं औषध आधीच लिहून घ्या, उलटी झाल्यावर धावपळ नको. ओआरएसची पाकिटं, मऊ भात, ताक, खोलीला गडद पडदा. घरच्यांना सांगा की तीन दिवस चिडचिड होईल आणि कुणीही कळवळून गोळी आणून द्यायची नाही. घरातल्या उरलेल्या पट्ट्या शेजारी नेऊन ठेवा. पहाटे चारला निर्धारापेक्षा अंतर जास्त कामाला येतं. बाम, गार पट्टी, मानेला शेक यांवर बंधन नाही, त्यांचे दिवस मोजायचे नाहीत. काही डॉक्टर या दिवसांसाठी, आधी घेत नव्हतो अशा गटातलं एखादं औषध मोजक्या दिवसांपुरतं देतात. ते चालतं, पण तारीख घालून.

घरी न करता दवाखान्यात राहून सोडवावं लागतं ते ट्रामाडॉल-कोडीनची मात्रा मोठी असेल, सोबत झोपेच्या गोळ्या असतील, हृदयविकार किंवा गंभीर नैराश्य असेल, किंवा दोनदा प्रयत्न फसले असतील तेव्हा. यांतली झोपेच्या गोळीची गोष्ट तुमच्या पत्रात आहेच. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

फरक दहा दिवसांत जोखायचा नसतो. दोन महिने कालनिर्णयवर आकडे लिहा आणि मग आधीच्या महिन्याशी ताडून बघा. मूळची डोकेदुखी नाहीशी होत नाही, ती जुन्या चालीवर येते, महिन्याला मोजके दिवस. त्या दिवशी गोळी घ्यायची, आणि दुखणं सुरू होताच पुरेशी मात्रा घ्यायची. घाबरत घाबरत अर्धी घेऊन संध्याकाळी पुन्हा अर्धी, असं नको. फक्त आठवड्यात दोन दिवसांपलीकडे जायचं नाही. गाडी पुन्हा घसरते ती बहुतेक पहिल्या वर्षातच, म्हणून चौकोन भरणं वर्षभर सोडू नका.

प्रश्न : डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगून दुसरी रोजची गोळी लिहून दिली, सहा महिने. एका सवयीतून काढून दुसरीत घालण्याचा हा प्रकार नाही का? (गंगापूर रोड)

उत्तर : शंका रास्त आहे, पण ही गोळी दुखलं म्हणून घ्यायची नसते, दुखूच नये म्हणून घ्यायची असते. तिने अतिवापराची डोकेदुखी होत नाही. अशा प्रतिबंधक गोळ्या अनेक आहेत आणि प्रत्येकीची पथ्यं वेगळी. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत. ॲमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, तोंड कोरडं पडतं, सकाळी जडपणा येतो. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, भूक कमी होते. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी सांगा. फ्लुनारिझिनने वजन वाढतं, उदास वाटू लागतं, उतारवयात कंप येऊ शकतो. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट लिहिलं असेल तर परत जाऊन विचारा, कारण गर्भाला त्याचा धोका मोठा आहे. टोपिरामेटबाबतही गरोदरपणाचा बेत आधी बोलून घ्या. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात.

आधी वेदनाशामकं सोडायची आणि मग ही सुरू करायची, दोन्ही एकाच दिवशी, की वेदनाशामकं न सोडता नुसती हीच? यावर बराच वाद झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या १२० रुग्णांच्या अभ्यासात तिन्ही वाटांनी फायदा झाला, पण सोडणं आणि प्रतिबंधक औषध पहिल्या दिवसापासून एकत्र करणाऱ्यांचं सर्वांत बरं चाललं. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलेलं दिसतं.

प्रश्न : द्राक्षबाग आहे. फवारणीच्या दिवशी डोकं दुखतंच, गोळी घेऊन काम रेटतो. ऑक्टोबर छाटणीला तर रोज. चहा दिवसाला आठ-दहा कप. हीसुद्धा गोळ्यांचीच डोकेदुखी का? (ता. निफाड)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन डोकेदुख्या एकात एक गुंतल्या आहेत.

फवारणीनंतर काही तासांत डोकं दुखणं, त्याबरोबर घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर, बाहुल्या बारीक झालेल्या, तर ती कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. तिथे गोळी घेऊन काम रेटायचं नाही. कपडे उतरवून साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाईड लावतात, म्हणजे पेस्टिंग होतं, त्याची गोष्ट आणखी वेगळी: ते अंगावर आलेलं असताना त्या दिवशी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोकं जबरदस्त ठणकतं. वर्गणी काढून संध्याकाळी बसणाऱ्या पेस्टिंगच्या टोळीला हे सांगून ठेवा.

चहाचं असं की दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन दोन आठवडे पोटात गेलं, की एखाद्या दिवशी चहा चुकला तरी चोवीस तासांत डोकं दुखतं आणि आठवडाभर रेंगाळू शकतं. आठ-दहा कपांत ते प्रमाण सहज गाठलं जातं, वर डोकेदुखीच्या मिश्र गोळीतलं कॅफिन. वेदनाशामक आणि चहा एकाच दिवशी तोडू नका. चहा दर तीन दिवसांनी एक कप असा उतरवत दोनवर आणा, मग गोळ्यांकडे वळा, तेही खुडा आटोपल्यावर आणि एप्रिलच्या खरड छाटणीच्या गर्दीत न सापडता. कॅलेंडरवर फवारणीच्या दिवसाला ‘फ’ लिहायला विसरू नका. ‘फ’ नसलेल्या दिवशीही दुखत असेल आणि गोळीचे दिवस दहाच्या वर असतील, तर उत्तर होय.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या. आयुष्यात डोकं दुखलं नाही, गेले तीन आठवडे उजवं कानशील ठणकतं. वेणी घालताना कंगवा लागला तरी कळवळतात. भाकरी चावताना जबडा भरून येतो. रोज दोन पॅरासिटामॉल देतोय. जास्त होतील का? (पंचवटी)

उत्तर : हा अंक खाली ठेवा आणि आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या. पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली डोकेदुखी गोळ्यांच्या खात्यात टाकायची नसते. तुम्ही लिहिलेली लक्षणं कानशिलातल्या धमनीला सूज येण्याच्या आजाराची असू शकतात, ज्यात एका डोळ्याची दृष्टी अचानक आणि कायमची जाऊ शकते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या लगेच होतात, आणि संशय पक्का असेल तर डॉक्टर पुढच्या तपासण्यांची वाट न पाहता स्टिरॉइड सुरू करतात. क्षणभर जरी एका डोळ्याला दिसेनासं झालं असेल, तर रात्र असो की सुट्टी, थांबू नका.

इतर वाचकांसाठी याच जागी: क्षणार्धात शिगेला पोहोचलेली आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी, तापाबरोबर ताठ झालेली मान, बोलण्यात किंवा हातापायांत आलेला अशक्तपणा, खोकताना-आडवं होताना वाढणारं दुखणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी. यांतलं काहीही असेल तर कॅलेंडर भरत बसायचं नाही.

प्रश्न : माझं मेडिकलचं दुकान आहे. तीच तीच माणसं दर चार दिवसांनी डोकेदुखीच्या गोळ्या न्यायला येतात. नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातात. मी काय करावं? (मेरी)

उत्तर : डॉक्टरांच्या कितीतरी आधी हे दुखणं तुमच्या काउंटरवर दिसतं. अर्गोटामिनची, ट्रामाडॉलची गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, हा तर नियमच आहे. साध्या गोळ्यांना नाही म्हणण्यापेक्षा एक प्रश्न विचारा: महिन्यात किती दिवस घेता? ‘किती गोळ्या’ विचारलंत तर ‘एकच’ असं उत्तर येईल. उत्तर दहाच्या पुढे गेलं तर एवढंच सांगा की रोज घेतल्याने डोकं दुखायचं थांबत नाही, उलट वाढतं, आणि एकदा डॉक्टरांना हा आकडा सांगा. आणि चार गोळ्या सुट्या द्यायच्याच झाल्या, तर पट्टीची नावाची बाजू ग्राहकाकडे जाईल अशी कात्री चालवा.